पहार घालून बघ

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. मुळशीच्या बाजूला त्याने कृषी पर्यटनाचा धंदा काढला आहे. चुलीवरची भाकरी, भातखाचरात लावणी, रात्री काजवे, असं सगळं. आता त्यात एक जुनी एटीव्ही आली आहे. पाहुण्यांना शेताच्या कडेकडेने, ओढ्यातून फिरवून आणायला.

"मामा, मड टायर घ्यायचेत. तू आर्मीत चालवल्या आहेस ना या गाड्या? एकाचे लग दोन इंच खोल आहेत बघ, फोटो पाठवलाय. राक्षस आहे नुसता!"

फोटो पाहिला. अगदी तसेच टायर मी एकदा पसंत केले होते. बोर्डाच्या कागदावर सही माझी होती. त्याला म्हणालो, उद्या सांगतो. मग वाटलं, सांगायचंच आहे तर सगळं सांगावं, आणि इथेच लिहावं. पोस्टिंगच्या गोष्टी लिहिताना आपण पराक्रमाच्या लिहितो, फजितीच्याही लिहितो. चुकीच्या फारशा लिहीत नाही.

तेव्हा मी मेजर होतो, पोस्टिंग कच्छला. युनिटचं नाव आणि जागा सांगत नाही, सवयच नाही. खावड्याच्या पुढे रण सुरू होतं एवढं पुरे. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्या डोळ्यांपुढे पौर्णिमेचं पांढरं वाळवंट आणि तंबू येतात. ते खोटं नाही, पण तो हिवाळ्यातला चेहरा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्राचं पाणी आत ढकलतो, वरून लुणी-बनास यांसारख्या नद्यांचं पाणी उतरतं आणि हजारो चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली जाते. ऑक्टोबरात पाणी ओसरायला लागतं, वर मिठाची पापडी धरते. खाली मात्र काळा गाळ ओलाच राहतो, महिनोन्‌महिने. दिसायला जमीन, असायला ताकावरची साय.

खडकवासल्याला एनडीएत असताना लष्करी इतिहासाच्या तासाला 1965च्या कच्छच्या लढाईवर आम्हाला टिपण लिहायचं होतं. 9 एप्रिलला सरदार पोस्टवर सीआरपीएफच्या तुकडीने पाकिस्तानी ब्रिगेडचा हल्ला अडवला, 30 जूनला करार झाला, 1968ला लवादाचा निवाडा आला, हे सगळं मी तारखांसकट पाठ केलं होतं. लढाई एप्रिलमध्येच का झाली, हा प्रश्न मात्र मला तेव्हा पडला नाही. तो रणात उभं राहिल्यावर पडला, आणि उत्तर बुटांना चिकटून आलं.

आमच्याकडे चार एटीव्ही होत्या. कंपनीतून आले तेच टायर, पुढचे 25 बाय 8, मागचे 25 बाय 10, रिम 12 इंची. पहिला आकडा टायरची उंची, दुसरा रुंदी, सगळं इंचात. नक्षी जेमतेम अर्ध्या-पाऊण इंचाची, आणि तीही झिजत आलेली. दोन गाड्यांचे तर अक्षरशः गोटे झाले होते. त्यात गांडो बावळ. आपल्याकडे ज्याला वेडी बाभूळ म्हणतात तीच ही, रणाच्या काठाने मैलोन्‌मैल माजलेली. तिचा काटा बुटाच्या तळव्यातून वर येतो. आठवड्याला सात-आठ पंक्चर ठरलेली. सीओ साहेबांनी नवे टायर घ्यायला मंजुरी दिली आणि तीन अधिकाऱ्यांच्या बोर्डावर मला अध्यक्ष नेमलं.

मी मन लावून अभ्यास केला, हे कबूल करावंच लागेल. अज्ञानाने चूक झाली असती तर एवढं लागलं नसतं. क्वोटेशन मागवली, कॅटलॉग वाचले. मड टायरचे लग एक इंचापासून दोन इंचांपर्यंत खोल, एकमेकांपासून लांब लांब, इंग्रजी व्ही आकारात बसवलेले, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखे. लांब अशासाठी की मध्ये अडकलेला चिखल चाक फिरताना उडून जावा. चिखल अडकून राहिला तर टायर गुळगुळीत रूळ होतो आणि जागच्या जागी फिरतो. शिवाय सहा प्लायचे, म्हणजे काट्याला जाड. मला हे पटलं, कारण लहानपणी मावळात आमच्या खाचरात भाड्याचा ट्रॅक्टर यायचा तो चिखलणीला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावून. रबर सरकायचं तिथे ती लोखंडी पाती खाली रुतून ट्रॅक्टरला पुढे ओढायची. चिखल म्हणजे खोल दात, हे समीकरण माझ्या डोक्यात आठव्या वर्षापासून बसलेलं.

चाचणीही घेतली. कॅम्पमधल्या पाण्याच्या टाकीमागे गळतीने कायमचा चिखल असायचा. जुन्या टायरची गाडी त्यात गरगर फिरून थांबली. नवा नमुना लावलेली गाडी चिखल उडवत बाहेर आली. जवानांनी टाळ्या वाजवल्या. मी कागदावर लिहिलं, 'शिफारस'.

आमचे सुभेदार साहेब बिहारचे, कोसीच्या दियाऱ्यातले. दरवर्षी नदी ज्यांचं शेत उचलून दुसरीकडे ठेवते त्या गावचे. टाळ्या थांबल्यावर ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहब, टंकी के पीछे तो नीचे मुरुम है। उधर कीचड़ का पेंदा नहीं है।"

मी म्हणालो, "साहब, कीचड़ कीचड़ होता है।"

त्यांनी सॅल्यूट केला आणि गेले. जेसीओ एका मर्यादेपलीकडे वाद घालत नाहीत. माजी सैनिक वाचकांना ती मर्यादा कुठे असते ते माहीत आहे, आणि ती ओलांडायची वेळ त्यांच्यावर आणणाऱ्या अधिकाऱ्यांचीही त्यांना पुरेपूर ओळख आहे.

टायर आले, तीन गाड्यांना बसले. चौथ्या गाडीचे मागचे दोन चुकून 11 इंची रिमचे निघाले. ते परत पाठवले आणि ती गाडी जुन्या टायरांवरच राहिली. तिला आम्ही 'पेन्शनर' म्हणायचो.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. रणात अकरा किलोमीटर आत एका बेटावर आमची छोटी तुकडी होती. कच्छीतही उंच जागेला बेटच म्हणतात, आपल्यासारखं. अकरापैकी पहिले चार किलोमीटर बाभळीतली कच्ची वाट, पुढचे सात रण. संध्याकाळी पावणेआठला वायरलेसवर निरोप आला. पंधरा मिनिटांपूर्वी लाकडं उचलताना एका जवानाला हातावर साप चावला. साप मारलेला, वर्णन ऐकूनच कळलं, फुरसं. झारखंडच्या गुमल्याचा पोरगा, चोवीस वर्षांचा, युनिटच्या हॉकी टीमचा राइट-आउट. हेलिकॉप्टर सकाळच्या उजेडाशिवाय येणार नव्हतं. चालत आणायचं तर विष चढतं. म्हणजे औषध त्याच्याकडे न्यायचं.

आमचा डॉक्टर, तरुण कॅप्टन, पाठीवर पिशवी बांधून तयार झाला. सर्पविषावरची लस कोरड्या पावडरीच्या कुप्यांत येते, तिला बर्फ लागत नाही, हे एक बरं. मी म्हणालो, मी स्वतः चालवतो. सोबत दुसरी गाडी. दोन्ही नव्या टायरांच्या, अर्थातच.

बाभळीतली वाट मस्त पार झाली. एकही काटा लागला नाही, आणि मला मनात आनंद झाला हेही आठवतं. रणात उतरलो. पहिले दोन-अडीच किलोमीटर पापडी टणक होती. मग आवाज बदलला. आधी करकर येत होती ती बंद झाली आणि गाडी जड वाटायला लागली. मी काय केलं? चिखल लागल्यावर नवशिका जे करतो तेच. ॲक्सिलरेटर दाबला.

दोन इंची लगांनी त्यांचं काम चोख केलं. ते उकरायलाच बनवलेले असतात. पापडी फोडून चारही चाकं काही सेकंदांत ॲक्सलपर्यंत खाली गेली. टाकीमागे ते खाली गेले होते तेव्हा त्यांना मुरुम लागला होता, त्यावर दात रोवून ते बाहेर आले. इथे खाली लागायला काही नव्हतं. जितकं फिरवावं तितकं खाली. इंजिनातल्या रबरी पट्ट्याचा जळका वास आला तेव्हा थांबलो. मागची गाडी मला ओढायला बाजूने आली आणि वीस फुटांवर तशीच बसली.

आता विंच. विंचचा दोर बांधायला झाड लागतं. रणात झाड नसतं. अशा वेळी स्टेपनी किंवा जेरीकॅन खड्ड्यात पुरून त्याला दोर बांधतात. आम्ही दोन जेरीकॅन पुरले. दोर ताणला तसे ते लोण्यातून सुरी यावी तसे आमच्याकडे चालत आले.

डॉक्टर म्हणाला, "सर, मी चालत जातो. चार किलोमीटर आहे."

मी म्हणालो, "दहा मिनिटं थांब. निघेल."

थोड्या वेळाने तो परत म्हणाला. मी परत दहा मिनिटं म्हणालो. तेव्हा नऊ वाजले होते. तो निघाला असता तर घोटाभर गाळातून का होईना, साडेदहाच्या सुमाराला पोचला असता. अंधारात वाटाड्याशिवाय त्याला सोडणं धोक्याचं होतं, हे कारण मी स्वतःला तेव्हा दिलं आणि नंतर चौकशीतही दिलं. ते कारण खरं होतं. पण मी थांबवलं ते त्या कारणाने नाही. मी निवडलेल्या टायरांवर बसलेली गाडी बाहेर निघाली पाहिजे, म्हणून थांबवलं. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

दहा वाजता वायरलेसवर सुभेदार साहेब, "साहब, हम आ रहे हैं।" विचारलं नाही, सांगितलं.

सव्वादहाला 'पेन्शनर'चा दिवा दिसला. तो इतका हळू येत होता की उभाच आहे असं वाटावं. गाडीच्या पुढे आमचा पगी चालत होता. पगी म्हणजे पाऊलखुणा वाचणारा. साठीचा माणूस, बन्नीतला मालधारी, खांद्यावर अजरख, हातात काठी. दर दहा पावलांवर काठी टोचायचा आणि डावीकडे किंवा उजवीकडे हात करायचा. त्याच्या मागे झिजलेल्या, बसक्या टायरांवर गाडी पापडीवरून चालली होती, पापडी न मोडता. टायर इतके बसके की मला वाटलं पंक्चर आहेत.

"तीन पौंड रखा है साहब," सुभेदार साहेब म्हणाले. डॉक्टरला मागे बसवलं. पगी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून आला, उकरलेल्या खड्ड्यात काठी घातली. काठी मुठीपर्यंत गेली. तो फक्त एवढंच म्हणाला, "पपड़ी तोड़नी नहीं थी, साहब।" आणि चालायला लागला.

उरलेले चार किलोमीटर त्यांनी माणसाच्या चालीने कापले. मी तिथेच, तीन जवानांबरोबर, दोन रुतलेल्या गाड्यांजवळ. करायला काही नव्हतं. डास होते, मिठाचा वास होता, आणि हेडफोन कानाला. साडेअकराला डॉक्टरचा आवाज आला. पोचला होता. रक्त काचेच्या बाटलीत घेऊन वीस मिनिटं ठेवायचं आणि गोठतं का बघायचं, अशी साधी चाचणी असते. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ती वीस मिनिटं बघायला त्याने वेळ घालवला नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं, तेवढं पुरे होतं. दहा कुप्या सुरू केल्या. चावल्याला चार तास झाले होते.

सकाळी हेलिकॉप्टर आलं, पोरगा भुजच्या मिलिटरी हॉस्पिटलात गेला. वाचला. पण उजव्या हाताचं मधलं बोट दोन पेरांपर्यंत काढावं लागलं. डॉक्टरला मी विचारलं, दीड तास आधी औषध मिळालं असतं तर बोट राहिलं असतं का? तो म्हणाला, सर, तसं सांगता येत नाही, चाव्याच्या जागेचं नुकसान औषधाने थांबतंच असं नाही. तो चांगला माणूस होता. खरंच तसं असेल, किंवा मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

सीओ साहेबांनी मला रागावलं नाही. अहवाल वाचला, टायरच्या परिच्छेदावर पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाले, "यात 'निवडण्यात आले' असं लिहिलंय. कोणी?" मी परिच्छेद पुन्हा लिहिला.

दुसऱ्यांदा बोर्ड बसला तेव्हा सुभेदार साहेब आणि पगी दोघांनाही चाचणीला नेलं, आणि चाचणी रणात घेतली. तिथे मला जे कळलं ते एरवी बारावीचं भौतिकशास्त्र आहे. मऊ टायर जमिनीवर साधारण तितक्याच दाबाने टेकतो, जितकी त्यात हवा असते. चालताना माणसाचं सगळं वजन क्षणभर एका बुटावर येतं. ऐंशी किलोचा माणूस आणि दोनशे चौरस सेंटिमीटरचा बूट धरा, साडेपाच-सहा पौंड होतात. म्हणजे टायरमध्ये तीन-चार पौंड हवा असेल तर चार क्विंटलची गाडी पगीच्या पावलापेक्षा हलकी पडते. मोटारीत आपण तीस-बत्तीस भरतो. आणि इथे गंमत अशी की काट्यासाठी घेतलेला सहा प्लायचा कडक टायर हवा काढली तरी बसतच नाही, पसरत नाही. म्हणजे काट्याला जो चांगला, तोच पापडीला वाईट. शिवाय पेट्रोल पंपावरचा गेज दहा पौंडांच्या खाली काहीतरीच दाखवतो. कमी दाबाचा वेगळा गेज लागतो, तो आमच्याकडे नव्हताच. सुभेदार साहेबांनी त्या रात्री अंगठ्याने दाबून तीन पौंड ठरवले होते. नंतर मोजले तर सव्वातीन.

शेवटी घेतले ते दिसायला अगदी मिळमिळीत टायर. लग पाऊण इंच, मागचे अकरा इंच रुंद, बाजू मऊ असलेले रेडियल. काट्यासाठी आत सीलंटचा द्रव ओतला आणि प्रत्येक गाडीत पंप आणि गेज ठेवला. तीन पौंडांवर जोरात वळलं तर टायर रिमवरून सुटतो, म्हणून वेगाची मर्यादा घातली आणि ती मोडणाऱ्याला टायर बदलायची शिक्षा. पहिली शिक्षा मलाच झाली.

ते राक्षस टायर रीतसर कागदपत्रं करून ईशान्येत माझ्या एका कोर्समेटच्या युनिटकडे गेले. अरुणाचलच्या पायथ्याची लाल चिकण माती, हातभर खाली गोटे. त्याचा फोन आला, "काय टायर आहेत यार, सोने! तू सोडलेस कसे?" त्याला सांगायला मला एक वर्ष लागलं.

सुट्टीवर घरी आलो तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. ते माळ्यावरचं भात बघत होते. म्हणाले, "अरे, बैलाचा खूर बघितलास ना इतकी वर्षं? मधोमध चिरलेला असतो. चिखलात टेकला की फाकतो, उचलला की मिटतो. आणि ती लोखंडी चाकं आपल्याकडे का चालायची? कारण आपल्या खाचराला हातभर खाली पाषाण आहे. कोकणातल्या खारजमिनीत घातली असतीस तर ट्रॅक्टर गेला असता तिथल्या तिथे." मग थोडं थांबून, "त्या पोराचं कसं आहे आता?"

तो पोरगा आता नायब सुभेदार आहे. दिवाळीला फोन करतो. हॉकी सुटली नाही त्याची. स्टिक धरायची पकड बदलली आणि राइट-आउटचा फुलबॅक झाला. टायरबद्दल त्याला काय माहीत आहे, मला ठाऊक नाही. यंदाच्या फोनवर सांगायचं ठरवलंय, हे लिहून झाल्यावर.

तर भाच्याला दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हणालो, टायरचं नंतर बघू. पाऊस चांगला पडून गेल्यावर जिथे जिथे गाडी नेणार आहेस तिथे लोखंडी पहार घालून बघ. कुठे किती खाली खडक लागतो ते लिहून काढ. हातभराच्या आत ठण्ण वाजलं तर दात असलेले टायर घे, पण दोन इंच नको, सव्वा इंच पुष्कळ झालं. त्याहून खोल लग तुझ्या बांधांची माती करतील, आणि डांबरावर पाहुण्यांची हाडं खिळखिळी होतील. मोठ्या मापाचे घेऊ नकोस, पट्टा जळेल. ओढ्याच्या काठाला पहार वाजलीच नाही, तर तिथे पाहुण्यांना पायी ने.

"मामा, एवढं सगळं? मला वाटलं ब्रँड सांगशील."

परवा त्याने फोटो पाठवला. ओढ्याकाठी पहार उभी रोवलेली, बाहेर फक्त वीतभर राहिलेली. शेजारी माझे वडील, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचून, एका हातात काठी आणि दुसरा हात कॅमेऱ्याकडे, पुढे येऊ नकोस म्हणून सांगणारा.